शेंदरी इंजिनाची ओळखपरेड

यंदाच्या जानेवारीतल्या तिसऱ्या शुक्रवारी, संध्याकाळच्या चहाला, गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत या प्रवासाचा निर्णय झाला. हजर : मी, माझी पत्नी मीना, आणि फोनवर शालूमावशी. मंजूर रक्कम रुपये पाचशे, जाण्यायेण्याचा आणि किरकोळ खर्च धरून. ‘किरकोळ’ म्हणजे काय, असं मीनाने विचारलं. मी म्हटलं, ते तिथे गेल्याशिवाय कळणार नाही. ती म्हणाली, मग ते किरकोळ नाही.

गिरगाव ते करी रोड हे अंतर फार तर सहा किलोमीटर. एवढ्याशा प्रवासाचं वर्णन लिहिणं म्हणजे स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत कसे आलो ते सांगण्यासारखं आहे, हे मला मान्य आहे. पण आमच्या वाडीत सिंगापूर दोनदा पाहून आलेली चार कुटुंबं आहेत आणि गणपतीचे दिवस सोडून करी रोडला उतरलेलं एकही नाही. त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

प्रकरण असं. मावशी, म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, लग्न झाल्यापासून करी रोडच्या एका चाळीत राहते. तिचे यजमान दत्तारामकाका गिरणीत होते; त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. चाळीच्या मागच्या अंगणात, उंबराखाली, एक जुनं इंजिन चाळीसेक वर्षं पडून आहे. गिरणी बंद पडली त्या सुमारास काकांनी ते आणलं. गिरणीचं इंजिन म्हणून चाळ दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्याला शेंदूर लावते, हार घालते, नारळ फोडते. आता चाळ पाडून तिथे टॉवर होणार आहे. अंगण रिकामं करायची वेळ आली, आणि चाळीच्या सभेत कोणीतरी उठून विचारलं, की गिरणीचं इंजिन गिरणीबाहेर आलं कसं? बिल्डरच्या वकिलालाही लेखी हवं होतं, की अंगणात दुसऱ्या कोणाची मालमत्ता नाही.

मावशी फोनवर एवढंच म्हणाली, "रम्या, तुझ्या काकाक चोर म्हणतत."

मालवणी मला समजते; बोलायला गेलो की मावशी हसते. मी एका औषध कंपनीत हिशेब पाहतो. ज्याला हिशेब कळतो त्याला सगळंच कळतं, असा मावशीचा समज आहे. तो मी आजवर कधी खोडून काढलेला नाही. त्याची किंमत या तीन दिवसांत वसूल झाली.

करी रोड

शनिवारी सकाळी पोचलो. सोबत मोजमापाची टेप, बॅटरी, भिंग आणि मीनाची छत्री. छत्री कशाला, ते पुढे येईल.

चाळीच्या डाव्या हाताला काचेचा टॉवर आहे आणि उजव्या हाताला अर्धा झालेला काचेचा टॉवर. मध्ये चाळ, दोन उंच पाहुण्यांमध्ये चहाचा ट्रे धरून उभ्या राहिलेल्या माणसासारखी. फाटकातून जिन्यापर्यंत जाताना मला तीन जणांनी विचारलं, "कोणाकडे?" आमच्या गिरगावात असं कोणी विचारत नाही. तिथे कोणाकडे पाहुणा आला हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ठाऊक नसल्याचा चेहरा करायची पद्धत आहे. इथे विचारतात, आणि उत्तर ऐकून वर दारापर्यंत सोडायला येतात. मी दारात पोचलो तेव्हा माझ्यासोबत पाच माणसं होती.

"मावशी, आधी इंजिन बघून घेतो," मी म्हटलं.

"आधी जेव. इंजिन खंय पळान जाता?"

बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. आमच्याकडे पाहुण्याला ‘अजून घ्या’ असं दोनदा म्हणतात आणि दुसऱ्यांदा तो नको म्हणाला की भांडं झाकतात. मावशीकडे विचारायची पद्धतच नाही. परिणामी मी ज्या पोटाने इंजिनापुढे उभा राहिलो, ते पोट घेऊन खाली वाकून मोजमाप घेणं ही एक स्वतंत्र मोहीम होती.

इंजिन छातीपर्यंत उंच, आणि आडवं झोपलं तर माणूस मावेल एवढं लांब. सगळं शेंदरी. पुढच्या अंगाला एक मोठं भरीव चाक आहे. शेंदराच्या थरांनी त्याचा चेहरा झाला होता, आणि कोणीतरी श्रद्धेने त्यावर चांदीचे डोळे बसवले होते. भिंग घेऊन त्या डोळ्यांसमोर उकिडवं बसायला मला संकोच वाटला. मी नमस्कार करून सुरुवात केली. चाकाचा व्यास घेतला, बारकाईने, दोनदा. शेंदराचा थर दोन बोटं जाड आहे आणि तो वजा करायला हवा, हे मला परतताना बसमध्ये सुचलं.

तोवर माणसं जमली होती. पुढे खुर्ची टाकून आबा परब बसले होते. हे मावशीचे शेजारी, काकांबरोबर त्याच गिरणीत विणकर होते. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून खात्यातला, म्हणजे साच्यांच्या, कापड विणायच्या मागांच्या, गदारोळावरून पलीकडे पोचणारा.

"काय निघालं?" आबांनी विचारलं.

खरं म्हणजे काहीच निघालं नव्हतं. पण वीस माणसं वाट बघत होती. मला इंजिन म्हटलं की वाफच आठवते.

"वाफेचं आहे," मी म्हटलं.

"मग बॉयलर कुठाय?"

"तो वेगळा असतो. तो गेला असेल."

"कुठे गेला?"

"आबा, मी आजच आलोय."

आबांनी मान डोलावली आणि शेजाऱ्याला म्हणाले, "शिकलेला आहे."

चाळ समितीचा सेक्रेटरी सुर्वे हा चाळिशीतला माणूस. खाली मोबाइलचं दुकान आहे. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, आपल्याला कारण नको. फक्त एवढंच सांगा, गिरणीचं की नाही? गिरणीचं असेल तर वकिलाला कळवायला लागेल, मग ते बघतील केस करायची का काय ती. नसेल तर मंडे मॉर्निंग भंगारवाला येतोय. विषय संपला."

"आणि काकांचं काय?"

"काकांचं काय असणार? ते तर गेले ना."

हे मावशीने ऐकलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली होती. सुर्वे गेल्यावर मला म्हणाली, "गिरणीचा असला तर हे चोर ठरतत. नसला तर हेंनी चाळीस वर्सां सगळ्या चाळीक फसवल्यानी. दोघांतला काय ता एकदा सांग माका."

"काकांनी तुला काही सांगितलं नव्हतं?"

"हे माका कधी काय बोलाक नाय. मी कधी इचारूक नाय."

मग पदराने इंजिनाजवळची सुकलेली पानं बाजूला केली आणि वर निघून गेली. इतका वेळ मी हे सगळं एक गमतीचं शनिवारचं काम धरून चाललो होतो. छत्री इंजिनाला टेकवून, मापाचा अंदाज यावा म्हणून, मी चौदा फोटो काढले. त्यांतल्या अकरा फोटोंत माझी सावली आहे.

अँटॉप हिल

रविवारी सकाळी आम्ही दोघं अँटॉप हिलला गेलो. मीनाच्या मामेबहिणीचे सासरे, श्री. फाटक, रेल्वेच्या कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मुलाला मिळालेल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. टेकडीच्या पोटाशी सारख्या दिसणाऱ्या इमारती, मध्ये भरपूर झाडं, आणि करी रोडहून आलेल्या माणसाला कानात काही बिघाड झालाय की काय वाटावं अशी शांतता. इथे ‘कोणाकडे’ असं कोणीच विचारलं नाही, त्यामुळे आम्ही आधी चुकीच्या इमारतीत एका अनोळखी गृहस्थांकडे पाणी पिऊन आलो. ते फाटक नाहीत, हे त्यांनीही पाणी पिऊन होईपर्यंत सांगितलं नाही.

खऱ्या फाटकांनी पोहे दिले, बशीत सपाट करून, वर मोजकं खोबरं. मग फोटो एकेक करून पाहिले.

"ही छत्री इंजिनाचा भाग आहे का?"

"नाही, मापासाठी."

"छत्रीची लांबी किती?"

ती मी मोजली नव्हती. मीना खिडकीबाहेर बघू लागली.

फाटक एका फोटोवर थांबले. इंजिनाच्या मागच्या टोकाला एक दांडा आहे, तो तीन जागी बसतो. ते शिकवण्याच्या सुरात म्हणाले, "हे पहा. रस्त्यावरच्या गाडीला पुढे जायला चार गिअर आणि मागे यायला एक. इथे पुढे एक, मध्ये मोकळा, मागे एक. म्हणजे जितकं पुढे, तितकंच मागे. असं वाहन कोणतं? रुळावरचं. ही रेल्वेची मोटार-ट्रॉली आहे. मी स्वतः अशा ट्रॉलीवरून खूप हिंडलोय."

"खात्री?"

"पाटी बघा. प्रत्येक इंजिनावर बनवणाऱ्याची पाटी असते. शेंदराखाली असेल. पण माझ्यापुरती मला शंका नाही."

माझा आनंद मावेना. क्वार्टरच्या खालीच, एका गुलमोहराखाली उभं राहून मी फोन लावला.

"मावशी, इंजिन गिरणीचं नाही."

"रवळनाथा, पावलंस रे बाबा."

"रेल्वेचं आहे."

पलीकडे कुकरची एक शिटी झाली.

"म्हणजे सरकारी?" मावशी म्हणाली आणि फोन बंद झाला. मी परत लावला. तो उचलला गेला नाही.

मीना शांतपणे म्हणाली, "तुम्ही काकांना गिरणीच्या चोरीतून सोडवलंत आणि रेल्वेच्या चोरीत अडकवलंत."

दादर

पाटी बघायची तर शेंदूर काढायला हवा. आणि देवाच्या अंगावरचा शेंदूर असा खरवडता येतो का, हा प्रश्न होता. मी फार धार्मिक नाही, पण चांदीचे डोळे लावलेल्या वस्तूवर पटाशी चालवण्याआधी कोणाला तरी विचारावं, एवढी भीती आहे. दादरला आमच्या घरचे गुरुजी राहतात. दोन वास्तुशांतींच्या मध्ये ते जेवायला घरी येतात, त्या वेळी, त्याच दुपारी, गाठले.

"शेंदराचं कवच उतरवतात. त्याला विधी आहे," भात कालवता कालवता गुरुजी म्हणाले. "देव कोणता?"

"इंजिन."

"ते कळलं. देव कोणता?"

"देव असा नाही. इंजिनच."

"प्राणप्रतिष्ठा झाली होती?"

"नारळ फोडतात. चाळीस वर्षं."

गुरुजींनी घास थांबवला. त्यांच्या अनुभवात हे बसत नव्हतं, आणि ते त्यांना आवडलं नसावं. "प्रतिष्ठा नसेल तर माझं काही काम नाही. ज्यांनी लावला त्यांना विचारा आणि काढा. तेलाचा हात लावून काढा, म्हणजे सुटेल." मग थोड्या वेळाने, "पण ते पुढे चालणार आहे का?"

"चालणार म्हणजे?"

"सुरू होणार आहे का? तसं असेल तर वाहनपूजा करून देतो."

मीनाने दुपारी साबुदाणे वडे आणि पीयूष यांवर खर्च केला आणि तो ‘किरकोळ’मध्ये घातला. मी तारेचा ब्रश, पटाशी, पाना आणि खोबरेल घेतलं. जुन्या नटांवर सोडायला रॉकेल हवं होतं. दादरला जगातली कोणतीही वस्तू मिळते हा माझा लहानपणापासूनचा विश्वास. रॉकेल सोडून, असं आता म्हणायला हवं. चार दुकानांत विचारलं. चौथा दुकानदार म्हणाला, "काका, कोणत्या साली आलात?"

पुन्हा करी रोड

सोमवारी रजा टाकून सकाळीच पोचलो. भंगारवाला यायचा होता. मावशीच्या घरात शिरलो आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती वासाची, म्हणजे नसलेल्या वासाची. चूल थंड. त्या घरात मी कधीही गेलो तरी काही ना काही शिजत असतं. रविवार दुपारपासून ती जेवली नव्हती, असं आबांनी सांगितलं; आदल्या दिवशीचा कुकर तसाच बंद होता. मी काल घरी जाऊन पीयूषची चव आठवत झोपलो होतो.

"मावशी, शेंदूर काढायचा म्हणतोय. खाली पाटी असेल. तुझी परवानगी पाहिजे."

ती उठली, निरांजन घेतलं, माझ्याबरोबर खाली आली. इंजिनासमोर ते ठेवून हात जोडले आणि म्हणाली, "काढ."

मी चाकाच्या वरच्या बाजूपासून सुरुवात केली, कारण पाटी दर्शनी भागावर असणार, असं माझं गणित होतं. शेंदूर म्हणजे रंग असेल अशी माझी कल्पना; निघाला दगड. पटाशी दोनदा माझ्या अंगठ्यावर बसली. आबा खुर्चीवरून म्हणाले, "अरे, तू काय त्याची दाढी करतोस काय? गरम तेल सोड नि थांब." गरम खोबरेल सोडलं आणि थांबलो. मग कडेने फट पडली, आणि सगळा चेहरा, डोळ्यांसकट, फणसाची साल निघावी तसा एका तुकड्यात माझ्या हातात आला. तो केवढा जड होता, ते मी मोजलेलं नाही. कुठे ठेवायचा, कोणालाच कळेना. मावशीने वरून परात आणवली. त्या परातीतून तो चेहरा आमच्या पुढच्या सगळ्या उद्योगाकडे बघत राहिला.

चेहऱ्याखाली पाटी नव्हती. म्हणून पुढे सरकलो, बाजूचा शेंदूर काढला. तिथे, पाटीच्या जागी, स्क्रूची चार भोकं होती.

"पाटी?" सुर्वेने विचारलं. तो दुकान उघडायचं सोडून आला होता.

"गेली," मी म्हटलं.

"बॉयलरकडे?" आबा म्हणाले.

सगळे हसले. मावशी हसली नाही. चाळीच्या फाटकाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. भंगारवाला आला होता. सुर्वेने त्याला हाताने थांब म्हटलं, पण ज्या हाताने थांब म्हटलं त्याच हातावर घड्याळ होतं आणि ते त्याने मला दिसेल असं धरलं.

आता काहीतरी करणं भाग होतं, म्हणून मी जे दिसलं ते उघडलं. सिलिंडरच्या खालच्या अंगाला एक छोटा पंप, आणि त्याच्या शेजारी झाकणाची एक पितळी डबी होती. झाकणावर दोन नट. खोबरेल, पाना, जोर. आणि झाकण निघून माझ्या पायावर पडलं. डबीत एक जाळी होती. जाळीला पांढरंशुभ्र काहीतरी घट्ट बसलेलं. बोट घातलं तर खरखरीत, आणि भुकटी हातात आली.

मी पाय चोळत उभा राहिलो आणि भुकटी सगळ्यांना दाखवली. "क्षार," मी म्हटलं. "पाण्यातले क्षार. बॉयलरचं पाणी इथून जात असणार. म्हणजे माझा पहिला अंदाज..."

मावशीने माझा हात धरून उजेडात नेला. बोटाने भुकटी चाळली. मग वाकून डबीत पाहिलं, नखाने जाळीवरून एक चपटा, वाकडातिकडा तुकडा सोडवला आणि उलटा केला. आतून तो मोत्यासारखा चमकत होता.

"कालवां," ती म्हणाली.

"काय?"

"कालवां रे ही. खडकार गावतत ती. बायांनी कोयती घेवन काढूची आणि आमटी करूची. बारीक असत, पण कालवांच." तिने अजून एक सोडवलं. "शेंदराचा माका काय कळणा नाय. पण ह्या माका तू शिकव नको."

कालव म्हणजे खाऱ्या पाण्यातला शिंपल्याचा जीव. समुद्राच्या कडेला खडकाला, धक्क्याच्या खांबांना, होड्यांच्या तळाला चिकटून वाढतो. गिरणीत वाढत नाही. रेल्वेच्या रुळावरही वाढत नाही. करी रोडच्या अंगणात एका डबीत कालवं असतील, तर ती डबी आधी समुद्रात हिंडून आलेली असणार. आता मला जे दिसलं ते आधी का दिसलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. इंजिनावर पाणी थंड करायचा रेडिएटर कुठेच नव्हता, कारण बाहेर अख्खा समुद्र होता. हा पंप तेच पाणी ओढत होता आणि ही डबी ते गाळत होती. इंजिनातून मागे निघणारा फिरता आस गाडीच्या चाकांकडे नाही, पाण्यातल्या पंख्याकडे जात होता. आणि जितकं पुढे तितकंच मागे जाणारं, रुळाशिवायचं एक वाहन जगात आहे. धक्क्याला लागताना त्याला मागे यावं लागतं.

"लाँचचं इंजिन," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट सगळ्यांना कळून झाल्यावर जाहीर केली.

"तरीचं. खाडी ओलांडायच्या होडीचं," आबा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "दत्ताराम तेव्हा खाडीवरच्या तरीचं बोलायचा. गावाला जाऊन लाँच घालीन, माणसं ह्या तीरावरून त्या तीरावर नेईन. आम्ही म्हणायचो, बोलतोय. सगळेच तेव्हा कायकाय बोलायचे."

"मग गिरणीचं आहे असं त्यांनी का सांगितलं?" सुर्वेने विचारलं.

आबांनी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. "त्याने नाही सांगितलं. आम्ही ठरवलं. गिरण बंद झाली त्यानंतरची पहिली नवमी. दरवर्षी खात्यात साच्यांना हार घालायचो, पेढे वाटायचो. त्या वर्षी गेटला टाळं. आम्ही दहा-बारा जण नारळ घेऊन ह्या जिन्यावर बसलेलो, आणि खाली हे पडलेलं. चार दिवसांपूर्वीच आलेलं. मी उठलो. दत्ताराम म्हणाला, आबा, त्याला नको. मी म्हटलं, इंजिनच आहे ना? मग झालं. आणि फोडला नारळ. रडत होते रे सगळे. नंतर कोणीतरी म्हणालं, आपल्या गिरणीचंच आहे, दत्तारामाने वाचवून आणलं. तो तिथेच उभा होता. काही बोलला नाही."

"मग गावाला नेलं का नाही?"

"हार घातलेलं इंजिन उचलून कसं नेणार?" आबा म्हणाले. "आम्ही रोज येऊन अगरबत्ती लावत होतो."

मावशी अजून कालवं हातात घेऊन उभी होती. "त्या वर्सा माझ्यो पाटल्यो ग्येल्यो," ती म्हणाली. "गावच्या कामाक होयेत म्हणान घेतल्यानी. मी म्हटलंय, जमीन घेतल्यानी असतली. मगे जमीन काय दिसाक नाय. मी गप रवलंय." ती इंजिनाकडे बघत होती. "म्हणजे ह्यो माझ्यो पाटल्यो."

आपल्या आईनेही त्या काळात पाटल्या मोडल्या होत्या, असं सुर्वे मला नंतर जिन्यात म्हणाला. चोरीचा विषय तिथे संपला. तो संपला असं कोणी म्हटलं नाही. फक्त सुर्वे टेम्पोवाल्याकडे गेला आणि टेम्पो मागे गेला.

मावशी आबांकडे वळली. "म्हणजे परबानु, तुमच्या नारळान माझो घोव मुंबयत रवलो."

आबांनी हात जोडले. "चुकलं माझं, वहिनी."

"बरा झाला. माका तरी खंय गावाक जावचा होता. थय नळ नाय, लायट नाय." मग डोळे पुसून, "पण माका सांगूचा तरी होता मेल्यान."

नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याला तिने एकेरीत बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. लगेच तिने जीभ चावली.

त्यानंतर उंबराखालीच समिती बसली. इंजिन भंगारात न देता नव्या टॉवरच्या फाटकाशी ठेवावं, अशी सूचना निघाली. गिरणीचं नाही, तर ठेवायचं कशाला, असं एक-दोघांचं म्हणणं पडलं. आबा खुर्चीवरून म्हणाले, "इंजिन गिरणीचं नसेल. नारळ फोडणारे तर गिरणीचे होते ना?" ठेवायचं ठरलं. उतरवलेला चेहरा परत बसवता येतो का, यावर मात्र बरीच चर्चा झाली आणि ते काम येत्या नवमीवर ढकललं.

इथे मी तोंड घातलं. मी म्हटलं, वस्तू काकांनी विकत घेतलेली आहे, म्हणजे ती आता मावशीची. समिती ती ठेवणार असेल तर रीतसर विकत घेतली पाहिजे, नाहीतर वीस वर्षांनी पुन्हा कोणीतरी उभं राहून विचारील, की हे इथे आलं कसं. सभेने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी ऑफिसात पुष्कळदा पाहिलेली आहे. पण मुद्दा बरोबर आहे, असं सुर्वे म्हणाला. "मावशी, किती देऊ?"

"सव्वा रुपयो."

सुर्वेने गल्ल्यात, खिशात, आणि शेवटी जमलेल्या सगळ्यांकडे विचारून पाहिलं. रुपया होता. चार आण्याचं नाणं आता कोणाकडे असणार? ते बाजारातून जाऊनही वर्षं झाली. शेवटी त्याने दोनाचं नाणं मावशीच्या हातावर ठेवलं. पाऊण रुपया जास्त जातोय, हे मी सभेच्या नजरेला आणून दिलं.

"रम्या, गप," मावशी म्हणाली.

ती जिना चढून वर गेली. मी मागोमाग गेलो, कारण खाली माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. तिने दत्तारामकाकांच्या तसबिरीवरची धूळ पुसली आणि नाणं तिच्यापुढे ठेवलं.

"घेवा," ती म्हणाली. "इकलंय तुमचा इंजिन."

मग कुकर उघडून, त्यातलं काल शिजलेलं टाकून, तिने नवे तांदूळ धुवायला घेतले.

एकूण देण्यात आले : रुपये दोन. देणार : चाळ समिती. घेणार : कैलासवासी दत्ताराम, हस्ते पत्नी. पंचाहत्तर पैसे जास्त गेले आहेत. त्याबद्दल घेणाऱ्याने अद्याप काही कळवलेलं नाही.